क्ले शूटिंगसाठी पहिली बंदूक: ब्रिटनमधल्या मराठी माणसाने काय बघून घ्यावी

क्ले शूटिंग म्हणजे हवेत उडवलेल्या ठिसूळ थाळ्या शॉटगनने फोडण्याचा खेळ. आधी उत्तर सांगतो, कारणं मागाहून. पहिली बंदूक १२ बोरची, ३० इंची नळ्यांची, एकावर एक नळी असलेली ओव्हर-अंडर घ्या. स्पोर्टर मॉडेल, बदलते चोक (नळीच्या तोंडाशी बसणारे, छऱ्यांचा फैलाव कमी-जास्त करणारे तुकडे), स्टील छऱ्यांचं प्रूफ, म्हणजे त्यासाठी नळीची दाबचाचणी झाल्याचा छाप. कंपनी बेरेटा, ब्राउनिंग किंवा मिरोकू. आणि शक्यतो वापरलेली, चांगल्या दुकानातून घेतलेली. यातल्या प्रत्येक शब्दाला अपवाद आहे, पण तो अपवाद आपल्याला लागू होतो का हे कळायला दोन मोसम जातात. तोवर ही बंदूक कधीच आड येत नाही.

पिढ्यान् पिढ्या इथे राहिलेल्या इंग्रज शेतकऱ्याचा आणि आपला हिशोब मुळातच वेगळा असतो. त्याची बंदूक नातवाकडे जाणार असते. आपल्यातले बरेच जण पाच-सात वर्षांच्या नोकरीवर आलेले, भाड्याच्या घरात राहणारे, पुढे पुण्याला परतणार की टोरंटोला जाणार हे न ठरलेले. त्यामुळे बंदूक केवढ्याला मिळाली याइतकंच ती केवढ्याला आणि किती लवकर विकली जाईल हेही बघावं लागतं. भारतात परत जाताना ती सोबत नेऊ, असं गृहीत धरू नका. परदेशी बंदुकांच्या आयातीवर तिथे १९८० च्या दशकापासून कडक निर्बंध आहेत आणि सवलत मिळते ती मुख्यतः नामांकित नेमबाजांना. म्हणजे तुमची बंदूक बहुधा ब्रिटनमध्येच विकली जाणार, हे धरूनच चला.

पहिली पायरी: परवान्याआधी मैदान

इथल्या कायद्यात एक सोय आहे, ती अनेकांना ठाऊक नसते. पोलिसांची मान्यता असलेल्या क्ले मैदानावर, ठरलेल्या वेळी, परवाना नसलेल्या माणसालाही शॉटगन चालवता येते. प्रशिक्षकासोबत तासाभराची शिकवणी घ्या. बंदूक, काडतुसं, कानाचं संरक्षण, सगळं तेच देतात. अशा चार-पाच शिकवण्या वेगवेगळ्या बंदुकांवर घ्या आणि प्रत्येक वेळी मॉडेलचं नाव आणि नळीची लांबी फोनमध्ये टिपून ठेवा. पुढे दुकानात उभं राहिल्यावर ही टिपणं कुठल्याही चाचणी-लेखापेक्षा कामाची ठरतात.

प्रशिक्षकाला पहिल्याच दिवशी एक विचारा: माझा कुठला डोळा प्रबळ आहे? उजव्या खांद्याला बंदूक लावणाऱ्याचा डावा डोळा प्रबळ असला की छर्रे सतत एका बाजूने जातात आणि माणूस बंदुकीला दोष देत बसतो. उपाय सोपे आहेत. एक डोळा बारीक करायचा, चष्म्यावर ठिपका लावायचा किंवा सरळ डाव्या खांद्यावरून शिकायचं. पण हे बंदूक घेण्याआधी ठरलं पाहिजे, कारण उजव्या हाताचा दस्ता डाव्या हाताला नीट बसत नाही.

दुसरी पायरी: परवाना आणि कपाट

शॉटगन सर्टिफिकेट आपल्या भागातले पोलीस देतात, १९६८ च्या फायरआर्म्स ॲक्टखाली, पाच वर्षांसाठी. २०२५ च्या फेब्रुवारीत फी वाढली आणि नव्या अर्जाला १९४ पौंड झाले. ब्रिटिश नागरिकत्वाची अट नाही. मात्र आधी कुठे राहत होतात याची चौकशी होते, जीपीकडून वैद्यकीय माहिती जाते आणि पोलिसांचा माणूस घरी येऊन कपाट बघतो. यात काही महिने सहज जातात. अर्ज टाकून मग सावकाश बंदूक शोधावी.

भाड्याच्या घरात खरी अडचण कपाटाची. लोखंडी कपाट पक्क्या विटांच्या भिंतीला बोल्ट करावं लागतं. पुठ्ठ्यासारख्या पोकळ पार्टिशनला अडकवलेलं चालत नाही. घरमालकाची लेखी परवानगी आधी घ्या. कपाटावर बीएस ७५५८ हे मानक असलं की प्रश्न कमी येतात. आणि एक नियम आपल्या घरांमध्ये हमखास मोडला जातो: चावी कुठे ठेवली आहे हे परवाना नसलेल्या कुणालाही माहीत असता कामा नये. बायको, नवरा, भारतातून आलेले आई-बाबा, कुणालाही नाही. ‘देवघरातल्या डब्यात आहे, सगळ्यांना ठाऊक आहे’ हे वाक्य त्या अधिकाऱ्यासमोर निघालं तर पुढचं बोलणं अवघड जाईल.

कपाट घेताना दोन बंदुका मावतील असं घेऊ नका, चार मावतील असं घ्या. दस्त्याला गादी लावलेली ३२ इंची बंदूक लहान कपाटात उभी राहत नाही.

तिसरी पायरी: कुठला खेळ?

क्ले म्हणजे साधारण ११ सेंटिमीटर व्यासाची, शंभर ग्रॅमच्या जरा वरची ठिसूळ थाळी. ती कुठून, कशी उडते त्यावर खेळाचा प्रकार ठरतो. इंग्लिश स्पोर्टिंगमध्ये प्रत्येक स्टँडवर, म्हणजे उभं राहायच्या जागेवर, थाळ्या वेगळ्या येतात: समोरून, डोक्यावरून, सशासारख्या जमिनीवरून घरंगळत. स्कीटमध्ये दोन घरांतून ठरलेल्या वाटेने. डीटीएल (डाउन-द-लाइन) किंवा ऑलिम्पिक ट्रॅपमध्ये समोरच्या ठेंगण्या घरातून किंवा खड्ड्यातून, आपल्यापासून दूर जाणाऱ्या.

ट्रॅपची बंदूक मुद्दाम थोडी वर मारते, कारण थाळी वर चढत असते. तिचा दस्ता गालाखाली उंच असतो आणि चोक बहुधा घट्ट आणि न बदलणारा. हीच बंदूक स्पोर्टिंगला नेलीत तर खाली उतरणाऱ्या थाळीवरून छर्रे निघून जातील. म्हणून कुठला खेळ आवडणार हे ठरलं नसेल तर स्पोर्टर घ्यावी. दुकानात एखादी ट्रॅप गन आश्चर्यकारक स्वस्त दिसली तर ती स्वस्त का आहे हे आता कळलं असेल.

सेमी-ऑटोचं काय? बेरेटाची ए४०० सारखी गॅसवर चालणारी बंदूक धक्का कमी देते, सांध्याचं दुखणं असलेल्यांना ती वरदान ठरते. साध्या शॉटगन परवान्यावर तिच्या मॅगझिनमध्ये दोनच काडतुसं मावली पाहिजेत आणि मॅगझिन काढता येणारं नसावं. पण गॅसची काजळी साफ करण्याचा कंटाळा असेल तर तिच्या वाटेला जाऊ नका, अडकायला लागते. शिवाय ओव्हर-अंडर उघडली की ती रिकामी आहे हे दुरून सगळ्यांना दिसतं. गर्दीच्या रविवारी ही गोष्ट छोटी नसते.

कोकणात किंवा गोव्यात घरी शेतीसंरक्षणाची एकनळी बघितलेल्यांना वाटतं, बंदूक ती बंदूक. ती बंदूक वर्षात मूठभर काडतुसं झाडते. इथे एका सकाळी शंभर जातात. जुनी नाजूक इंग्लिश आडवी दुनळी याच कारणाने टाळा. दिसायला देखणी असली तरी ती तितर-बटेरांच्या मोसमासाठी बनवलेली, हलकी. शंभर फैरींनंतर तुमचा खांदाही बोलेल आणि तिची बिजागरीही.

चौथी पायरी: पैसे नेमके कशावर जातात

एक ढोबळ हिशोब मांडा. वर्षात चाळीस वेळा मैदानावर गेलात, प्रत्येक वेळी शंभर थाळ्या, तर चार हजार काडतुसं. हजाराचा भाव तीनशे पौंड धरला, आणि चांगली काडतुसं त्याच्या वरच जातात, तरी बाराशे पौंड झाले. मैदानाची फी वेगळी, ती काडतुसांच्या बरोबरीने किंवा जास्तच. म्हणजे दुसऱ्या वर्षाच्या शेवटी बंदुकीपेक्षा कितीतरी जास्त पैसे हवेत उडालेले असतात, शब्दशः.

दोन हजार पौंडांच्या आणि आठ हजार पौंडांच्या बंदुकीत थाळ्या फोडण्याच्या बाबतीत नवशिक्याला काडीचा फरक पडत नाही. पेराझी एमएक्स८ किंवा क्रिगहोफ के-८० घेणारा माणूस वेडा नसतो. चाप काढून बदलता येणं, वजनाचा तोल हवा तसा करून घेता येणं आणि दशकानुदशकं सुटे भाग मिळणं याचे तो पैसे देत असतो. पेराझीचं ते मॉडेल १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकच्या निमित्ताने आलं आणि आजही बनतं आहे, यातच काय ते आलं. पण दर आठवड्याला शंभरातल्या पन्नास-साठ थाळ्या फोडणाऱ्याने आधी शिकवणीवर खर्च करावा.

दुसऱ्या टोकाला तुर्की बंदुका, यिल्दिझ, अटा वगैरे. नव्या कोऱ्या आणि निम्म्याहून कमी किमतीत. त्या वाईट आहेत असं मी म्हणणार नाही. महिन्यातून एकदा जाणाऱ्याला पुरून उरतात. पण विकायला गेलात की भाव फार पडतो आणि मोठी दुरुस्ती निघाली तर ती बंदुकीच्या किमतीशी स्पर्धा करते. जुनी रशियन बायकलही अशीच: दणकट, जड, ओबडधोबड, मातीमोल भावात मिळणारी. नव्या येत नाहीत, सुटे भाग शोधावे लागतात.

मधल्या पट्ट्यात बेरेटा ६८६ सिल्व्हर पिजन, ब्राउनिंग ५२५ आणि ७२५, मिरोकूची एमके३८ आणि एमके७०. ब्राउनिंगच्या या बंदुका जपानमध्ये मिरोकूच बनवते, म्हणून आतून ब्राउनिंग आणि मिरोकू सख्ख्या बहिणी आहेत. नाव आणि नक्षी वेगळी. मिरोकूवर नावाचा दर कमी पडतो, हा मला या बाजारातला सगळ्यात सरळ सौदा वाटतो. बेरेटा ६८६ नवी घेतली तर दोन-अडीच हजार पौंडांच्या घरात जाते, नीट ठेवलेली वापरलेली त्याच्या साधारण निम्म्या-पाऊण किमतीत मिळते. पहिली मोठी घसारा दुसऱ्या कुणीतरी सोसलेली असते. तुम्ही पाच वर्षं वापरून विकलीत तर दोन-तीनशे पौंड कमी येतील. वर्षाला चाळीस ते साठ पौंड, म्हणजे मैदानावरच्या एका सकाळचाही खर्च नाही.

यांचा भाव टिकतो त्याचं कारण कोरीवकामात नाही. झिजणारे भाग बदलता येतात, यात आहे. बेरेटाच्या नळ्या ॲक्शनच्या (नळ्यांमागचा धातूचा भाग, ज्यात चाप आणि कुलूप असतं) आतल्या दोन बाजूंच्या गुंड्यांवर फिरतात आणि बंद झाल्यावर दोन निमुळत्या पिना वरच्या नळीच्या दोन्ही बाजूंच्या खोबणींत शिरून कुलूप लावतात. पिना झिजल्या की किंचित मोठ्या मापाच्या घालता येतात, गुंड्याही बदलता येतात. ब्राउनिंग-मिरोकूमध्ये आरपार जाडजूड बिजागरीचा दांडा असतो आणि कुलूप खालून लागतं. म्हणून त्यांची ॲक्शन जरा उंच दिसते. दोन्ही रचनांत लाखाच्या वर फैरी झालेल्या बंदुका क्लबांत नांदत असतात. आणि इंग्लंडातल्या जवळपास प्रत्येक गनस्मिथने त्या शेकड्यांनी उघडलेल्या असतात. गावातला मिस्त्री दुरुस्त करू शकतो ती वस्तू विश्वासार्ह, ही माझी साधी व्याख्या आहे.

पाचवी पायरी: अंगाला बसते का

इथे आपल्या लोकांनी जास्त वेळ घालवावा. बाजारातल्या बंदुकांची चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतची लांबी साधारण साडेचौदा इंच किंवा जरा जास्त असते, पाच फूट दहा इंचांच्या माणसाच्या हिशोबाने. पाच फूट पाच-सहा इंच उंचीच्या माणसाला ती लांब पडते. खांद्याला लावताना दस्ता जॅकेटमध्ये अडकतो, डोकं मागे राहतं, रायफल बघितल्यासारखी मान वाकवावी लागते. अर्धा-पाऊण इंच कापून घेणं हे गनस्मिथचं किरकोळ काम आहे. कापलेला तुकडा मात्र जपून ठेवा, विकताना पुढचा ग्राहक उंच निघाला तर तो उपयोगी पडतो.

लांबीपेक्षा गालाखालच्या कडेची उंची महत्त्वाची. डोळा हाच या बंदुकीचा मागचा नेम असतो. डोळे मिटून बंदूक खांद्याला लावा, गाल टेकवा, मग डोळे उघडा. नळीवरची पट्टी चपटी दिसून पुढचा मणी तिच्या मधोमध दिसला पाहिजे. पट्टीचा मोठा उतार दिसला तर कड उंच आहे, पट्टीच दिसेनाशी झाली तर खाली आहे. वरखाली करता येणारी कड असलेला दस्ता मिळाला तर थोडे जास्त पैसे जरूर द्या. वर्षभरात तुमची खांद्याला लावायची पद्धत बदलते, त्याबरोबर तीही बदलता येते. स्त्रियांसाठी बेरेटाचं व्हिटोरिया मॉडेल बघण्यासारखं आहे. मान लांब आणि खांदा अरुंद असेल तर नेहमीचा दस्ता गालाच्या हाडाला लागतो, तो त्रास यात कमी होतो.

वजनाला घाबरू नका. साडेतीन किलोच्या वरची बंदूक दुकानात जड वाटते, पण तेच वजन धक्का पितं आणि वळताना हात स्थिर ठेवतं.

सहावी पायरी: वापरलेली बंदूक तपासणं

दुकानदाराला न लाजता सांगा, ‘मला हिची तपासणी करायची आहे.’ चांगला दुकानदार स्वतः फोर-एंड, म्हणजे नळ्यांखालचा पुढचा लाकडी भाग, काढून हातात देतो. कपाळाला आठ्या पडल्या तर तेही एक उत्तरच.

बंदूक हातात आली की आधी उघडा, दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हे डोळ्यांनी बघा. आता बंद करून वरची कळ बघा, जी सरकवून बंदूक उघडते. मागून बघताना नव्या बंदुकीत ती मधल्या रेषेच्या उजवीकडे थांबते. कुलूप झिजत जातं तशी ती मध्यावर आणि मग डावीकडे जाते. अगदी मध्यावर आली म्हणजे बंदूक मेली असं नाही, पण सेवेचा खर्च जवळ आला आहे आणि तो किमतीतून वजा झाला पाहिजे. अट एवढीच की कुणी ती कळ वा कुलूप नुकतंच बदललेलं नसावं. बदललं असेल तर कुणी, कधी, हे विचारा.

मग फोर-एंड काढा. हे विसरू नका. फोर-एंडच्या ताणामुळे ढिलेपणा झाकला जातो. तो काढून, बंदूक बंद ठेवून, एका हाताने ॲक्शन आणि दुसऱ्याने नळ्या धरा आणि डावीकडे-उजवीकडे, वर-खाली हलक्या हाताने हलवा. काहीही हलता कामा नये. बोटांना बारीकशी टकटक जाणवली तर बिजागरी किंवा कुलूप झिजलंय. नंतर खिडकीच्या उजेडासमोर धरून नळ्या ॲक्शनला टेकतात तिथे बघा. उजेडाची रेघ दिसली तर बंदूक खाली ठेवा.

एका दुकानात मी चकाचक निळी केलेली, दस्त्याला ताजं तेल दिलेली ओव्हर-अंडर पाहिली. वर्षानुवर्षं कपाटात होती असं सांगण्यात आलं. ॲक्शनच्या खालच्या कडा हाताने घासून गोल झालेल्या होत्या, म्हणजे ती हजारो वेळा वाहिली गेली होती. फोर-एंड काढल्यावर नळ्या स्पष्ट डुलत होत्या. नव्याने केलेल्या निळाईचा मला नेहमीच संशय येतो. प्रामाणिकपणे वापरलेल्या बंदुकीची निळाई हात धरायच्या जागी विरळ झालेली असते, आणि ते बरंच असतं.

नळ्या वेगळ्या करा. खालच्या बाजूच्या हुकात बोट अडकवून लोंबत्या धरा आणि नखाने किंवा लाकडी पेन्सिलीने वाजवा. घंटेसारखा स्वच्छ नाद यायला हवा. तडा गेलेल्या मडक्यासारखा बद्द आवाज आला तर मधली पट्टी कुठेतरी सुटली आहे, आणि ती पुन्हा बसवणं महागडं काम आहे. मग नळी डोळ्यासमोर धरून छताच्या दिव्याकडे बघा. आतल्या प्रकाशाची वर्तुळं एकसारखी दिसली पाहिजेत. कुठे वाकडं वर्तुळ म्हणजे पोचा, गडद कडं म्हणजे फुगवटा. फुगवटा असलेली नळी कितीही स्वस्त असो, नको. बारीक काळे ठिपके म्हणजे गंज. वरवरचा असेल तर खेळावर फरक पडत नाही, किमतीवर पडायला हवा.

चोक सगळे काढून बघा. एखादा निघतच नसेल तर दुकानदाराला तो काढून दाखवायला सांगा. वर्षानुवर्षं न काढलेल्या चोकखाली काजळी आणि गंज बसून तो जाम होतो, आणि नळीच्या तोंडापाशी फुगवटा असेल तर तोही याच कारणाने लपतो.

आता चाप आणि इजेक्टर, म्हणजे उघडल्यावर काडतूस बाहेर फेकणारा भाग. दुकानात स्नॅप कॅप, म्हणजे नकली काडतुसं, मागून घ्या. दोन्ही नळ्यांत भरा. पहिला चाप दाबा. बेरेटा ६८६ आणि ब्राउनिंग ५२५ मध्ये दुसरी नळी पहिल्या फैरीच्या धक्क्यानेच तयार होते. त्यामुळे नुसता चाप पुन्हा दाबून काही होणार नाही. दस्त्याच्या टोकाला तळहाताचा ठोसा द्या, मग दाबा. ‘दुसरी नळी चालत नाही’ म्हणून चांगली बंदूक परत ठेवणारे बघितलेत मी. ब्राउनिंग ७२५ चा चाप यांत्रिक आहे, त्याला धक्का लागत नाही. अगदी हलकी काडतुसं वापरायची असतील तर हा फरक लक्षात ठेवा, कारण जड बंदुकीत हलक्या काडतुसाचा धक्का कधी कधी कमी पडतो. उघडल्यावर दोन्ही नकली काडतुसं एकदम, सारख्या जोराने उडाली पाहिजेत. एक मागे राहिलं तर इजेक्टरची स्प्रिंग थकली आहे. ही स्वस्त दुरुस्ती, पण घासाघीस करायला उत्तम निमित्त.

दस्त्यात बघायची एकच जागा: ॲक्शनच्या मागे लाकूड जिथे धातूला मिळतं तिथे केसासारख्या चिरा. अंगठ्याने दाबून बघा. तेलाने काळवंडलेलं लाकूड तिथे मऊ पडतं. बंदूक नेहमी तोंड वर करून ठेवणाऱ्यांची तेलाची बाटली शेवटी तिथेच झिरपते.

शेवटी नंबर आणि छाप. ॲक्शन, नळ्या आणि फोर-एंडवरचे नंबर जुळले पाहिजेत. प्रूफचे छाप स्पष्ट दिसले पाहिजेत. लंडनच्या गनमेकर्स कंपनीची सनद १६३७ ची, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ च्या कायद्याने झालेलं. इटलीचे आणि सीआयपी या प्रूफच्या आंतरराष्ट्रीय संस्थेतल्या इतर देशांचे छाप इथे चालतात. प्रूफबाहेर गेलेली बंदूक विकणं हा गुन्हा आहे, म्हणून नळी आतून मोठी केलेली किंवा घासलेली वाटली तर माप घेऊन दाखवायला सांगा.

शिशाचा प्रश्न

२०२५ च्या जुलैमध्ये ब्रिटिश सरकारने शिशाच्या छऱ्यांवर निर्बंध जाहीर केले, बदलाला तीन वर्षांची मुदत देऊन. त्याचा आजच्या खरेदीवर थेट परिणाम होतो. स्टीलचे छर्रे शिशासारखे दबत नाहीत, म्हणून घट्ट न बदलणाऱ्या चोकची जुनी ट्रॅप गन हळूहळू अडचणीची वस्तू होणार. बदलते चोक आणि स्टीलच्या प्रूफचा फ्लर-द-लीस, म्हणजे लिलीच्या फुलाचा छाप असलेली बंदूक पुढेही विकली जाईल. साध्या नायट्रो प्रूफच्या (आधुनिक धूररहित दारूसाठी तपासलेल्या) बंदुकीतही अर्ध्या चोकपर्यंत साधारण ताकदीची स्टील काडतुसं चालतात, पण घेण्याआधी गनस्मिथला विचारूनच.

सातवी पायरी: कुणाकडून

नोंदणीकृत दुकानदाराकडे किंमत थोडी जास्त असते, पण २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याने वापरलेली वस्तूही समाधानकारक दर्जाची असावी लागते आणि सुरुवातीच्या ३० दिवसांत सदोष बंदूक परत करता येते. बहुतेक दुकानं वरून सहा महिने ते वर्षाची स्वतःची हमी देतात. ती बिलावर लिहून घ्या. मैदानाला लागून असलेल्या दुकानात पंचवीस थाळ्या मारून बघायला मिळतात, ती संधी सोडू नका. जमलं तर १६ यार्डांवर जाड कागद लावून दोन्ही नळ्या एकाच जागी मारतात का ते बघा. हे कुणी फारसं करत नाही, आणि वरखाली मारणारी बंदूक मग आयुष्यभर ‘माझा दिवस चांगला नव्हता’ या सबबीखाली खपून जाते.

लिलावात भाव बघून भुलू नका. बोलीवर वीस-पंचवीस टक्क्यांच्या आसपास कमिशन, त्यावर व्हॅट, आणि परत करायची सोय जवळपास नाही. खासगी माणसाकडून घेतलीत तर स्वस्त पडेल, पण तपासणी सगळी तुमची. क्लबातल्या ओळखीच्या सदस्याची बंदूक मात्र वेगळी गोष्ट. तिचा इतिहास सगळ्यांसमोर घडलेला असतो. व्यवहार कुठेही झाला तरी विकणारा तुमच्या परवान्यावर नोंद करतो आणि दोघांनीही सात दिवसांत आपापल्या पोलिसांना कळवायचं असतं.

घासाघीस करायला लाजू नका, फक्त आपल्याकडची मंडईतली पद्धत इथे चालत नाही. किंमत पाडण्याऐवजी ‘यात सर्व्हिस आणि दस्ता कापून देता का?’ असं विचारा. दुकानदाराला ते सोपं जातं आणि तुमचे शंभर-दीडशे पौंड वाचतात.

घेतल्यानंतर

प्रत्येक वेळी नळीतून कापड फिरवा, बिजागरीच्या जागी ग्रीसचा एक थेंब लावा, चोक काढून पुसा. पावसात भिजलेली बंदूक सुकवल्याशिवाय कपाटात ठेवू नका. वर्षातून एकदा गनस्मिथकडून उघडून घ्या. स्प्रिंगा आणि फायरिंग पिन झिजणारच, त्या बदलल्याची बिलं सांभाळा. विकताना ती बिलं दाखवणाऱ्याला भाव जास्त मिळतो.

नोकरी बदलून देश सोडायची वेळ आली तर दोन-तीन महिने आधी दुकानदाराशी बोला. बहुतेक जण कमिशनवर विकून देतात आणि तोवर बंदूक त्यांच्याच कपाटात राहते. विमानाच्या आदल्या आठवड्यात गेलात तर मिळेल त्या भावाला द्यावी लागेल, आणि परवाना नसलेल्या मित्राकडे ‘तात्पुरती’ ठेवायचा प्रश्नच येत नाही. दुकानदाराकडे दिल्यावर पोलिसांना कळवा, पोच घ्या आणि ती परवान्याच्या कागदांसोबत लावून ठेवा.